विश्लेषण : मैदानावरचे ‘हॅलोजन’ काढून एलईडी लावले की खरेच पैसे वाचतात? ढाणकीसारख्या गावाने आधी कोणता हिशेब करावा?

मोठ्या स्टेडियमपासून तालुक्याच्या क्रीडा संकुलापर्यंत सगळीकडे जुने दिवे उतरवून एलईडी चढवले जात आहेत. ‘वीजबिल निम्मे होईल’ हे त्यामागचे नेहमीचे कारण. रस्त्यावरच्या दिव्यांबाबत ते बरोबर आहे. मैदानाच्या दिव्यांबाबत मात्र ते अर्धेच खरे आहे. उमरखेड तालुक्यातील ढाणकीसारख्या नगरपंचायतीच्या गावात उद्या असा प्रस्ताव आला, तर त्यात काय पाहायचे, ते समजून घेऊ.

हा विषय चर्चेत का?

९ फेब्रुवारी २०२५ रोजी कटकच्या बाराबती स्टेडियमवर भारत-इंग्लंड एकदिवसीय सामना सुरू होता. भारताच्या डावाचे सातवे षटक सुरू असताना एका टॉवरवरचे दिवे बंद पडले. सुमारे अर्धा तास खेळ थांबला आणि ओडिशा सरकारने राज्य क्रिकेट संघटनेकडे खुलासा मागितला. मुंबईच्या वानखेडेलाही हा अनुभव आहे. १२ मे २०२२ रोजी मुंबई इंडियन्स आणि चेन्नई सुपर किंग्ज यांच्या आयपीएल सामन्याच्या सुरुवातीला विजेच्या बिघाडामुळे डीआरएस उपलब्ध नव्हते. त्याच वेळी चेन्नईच्या डेव्हॉन कॉन्वेला पायचीत दिले गेले आणि त्याला दाद मागता आली नाही. वानखेडेवर २७ फेब्रुवारी १९९६ रोजी भारत-ऑस्ट्रेलिया विश्वचषक सामना प्रकाशझोतात झाला, तो तिथला पहिला रात्रीचा आंतरराष्ट्रीय सामना. २०२३ च्या विश्वचषकापूर्वी याच मैदानावर नवे एलईडी दिवे बसवण्यात आले.

मोठ्या मैदानांचे प्रश्न वेगळे असतात, दिवे आणि त्यामागची वीज या गोष्टी मात्र सगळीकडे सारख्याच. उलट विदर्भात रात्रीच्या उजेडाची गरज जास्त आहे. मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो, तेव्हा दुपारी मैदानात कोणी उतरत नाही. डिसेंबरमध्ये शाळा पाच वाजता सुटते आणि पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो. पोलीस भरतीची तयारी करणारी मुले-मुली पहाटे अंधारातच धावायला निघतात, तीही बऱ्याचदा रस्त्याच्या कडेने. म्हणून दिवे लावलेले मैदान ही त्यांच्यासाठी चैन नव्हे.

‘हॅलोजन’ म्हणजे नेमके काय?

आपल्याकडे खांबावरच्या प्रत्येक मोठ्या दिव्याला हॅलोजनच म्हणतात. प्रत्यक्षात त्यात दोन वेगळे प्रकार असतात.

पहिला खरा हॅलोजन. लांब काचेच्या नळीत तार तापते आणि पिवळसर उजेड पडतो. लग्नाच्या मांडवात आणि गावच्या कबड्डी सामन्यात दिसतो तो हा. एका वॅटमागे तो साधारण २० ल्युमेन उजेड देतो, बाकी सगळी उष्णता.

दुसरा मेटल हॅलाइड. पांढरट उजेड, सोबत चोक असलेली पेटी आणि पेटायला चार-पाच मिनिटे. मोठ्या मैदानांवर वर्षानुवर्षे हाच होता. एका वॅटमागे तो ८०-९० ल्युमेन देतो. पण त्याचा बल्ब सगळ्या बाजूंना उजेड फेकतो आणि परावर्तकातून मैदानाकडे वळवताना त्यातला पाव ते एक तृतीयांश भाग वाया जातो. शिवाय ४०० वॅटच्या दिव्याचा चोक आणखी सुमारे ४० वॅट खातो.

एलईडी एका वॅटमागे १२० ल्युमेनच्या आसपास देतो आणि तोही एकाच दिशेला. त्यामुळे १००० वॅटच्या हॅलोजनच्या किंवा ४०० वॅटच्या मेटल हॅलाइडच्या जागी साधारण २०० वॅटचा चांगला एलईडी पुरतो. ‘चांगला’ हा शब्द महत्त्वाचा, त्याकडे पुढे येऊ.

वीज गेली तर फरक किती?

गावात हाच फरक सर्वात आधी जाणवतो. मेटल हॅलाइडचा दिवा विझला की आतला वायू थंड होईपर्यंत तो पुन्हा पेटत नाही. त्याला १० ते १५ मिनिटे लागतात. म्हणजे वीज एका मिनिटासाठी गेली, तरी मैदान पंधरा मिनिटे अंधारात. कबड्डीचा एक डाव २० मिनिटांचा असतो हे लक्षात घेतले, तर जवळपास एक डावच गेला. खेळाडूंचे अंग थंड पडते, प्रेक्षक उठतात.

एलईडी वीज येताच पेटतो. शिवाय भार कमी असल्याने जनरेटरही लहान लागतो. आठ हॅलोजनचा भार ८ किलोवॅट होतो, आठ एलईडींचा १.६ किलोवॅट. जनरेटरच्या भाड्यात आणि डिझेलमध्ये हा फरक लगेच दिसतो.

मग वीजबिलात बचत किती?

इथेच हिशेब नीट मांडायला हवा. कबड्डी किंवा व्हॉलीबॉलच्या एका मैदानाला ८ दिवे आहेत असे समजू. हिशेबापुरते विजेचा दर युनिटला १० रुपये आणि बसवण्यासह एका एलईडीचा खर्च १२ हजार रुपये धरू. म्हणजे एकूण खर्च ९६ हजार. आपापल्या बिलावरचा दर आणि मिळालेला भाव घालून हे गणित कोणालाही करता येईल.

४०० वॅटचे आठ मेटल हॅलाइड चोकसह ३.५२ किलोवॅट घेतात, एलईडी १.६ किलोवॅट. तासाला १.९२ युनिट वाचतात. आता दिवे वर्षात किती तास लागतात यावर सगळे अवलंबून आहे.

• वर्षात फक्त ६० रात्री, रोज ३ तास (१८० तास) : बचत सुमारे ३,४५० रुपये. खर्च वसूल व्हायला जवळपास २८ वर्षे.

• वर्षात ३०० दिवस, रोज ३ तास (९०० तास) : बचत सुमारे १७,३०० रुपये. खर्च साडेपाच वर्षांत वसूल.

• हेच दिवे रस्त्यावर असते आणि रोज ११ तास जळले असते तर (४,०१५ तास) : बचत सुमारे ७७ हजार रुपये. खर्च सव्वा वर्षात वसूल.

केंद्र सरकारने ५ जानेवारी २०१५ रोजी पथदिव्यांचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला, तेव्हा बचतीतूनच खर्च भागेल हे गणित पथदिव्यांना लागू पडले ते याच कारणाने. पथदिवा रोज रात्रभर जळतो, मैदानाचा दिवा जळत नाही. म्हणून पथदिव्यांच्या योजनेतले बचतीचे आकडे उचलून मैदानाच्या प्रस्तावात घातले, की कागदावर सगळे छान दिसते आणि प्रत्यक्षात पैसे परत येत नाहीत.

आधी खरे हॅलोजन असतील तर चित्र बरे आहे. तासाला ६.४ युनिट वाचतात. ६० रात्रींच्या वापरात खर्च सव्वाआठ वर्षांत निघतो, रोजच्या वापरात २० महिन्यांत.

या आकड्यांचा अर्थ सरळ आहे. मैदानाचा एलईडी रोज लागला तरच परवडतो. वर्षात एक स्पर्धा, गणपतीतले दोन कार्यक्रम आणि बाकी वेळ फाटकाला कुलूप असेल, तर बिल वाचवण्यासाठी एलईडी लावले असे म्हणण्यात अर्थ नाही.

रोज लावले तर बिल वाढणार नाही का?

वाढेल, आणि ते आधीच मान्य करायला हवे. आठ एलईडी रोज ३ तास लावले तर ४.८ युनिट लागतील. १० रुपये दराने दिवसाला ४८ रुपये, ३०० दिवसांचे १४,४०० रुपये. त्याशिवाय मंजूर भारानुसार स्थिर आकार. तेवढ्याच तासांसाठी मेटल हॅलाइडला सुमारे ३१,७०० आणि हॅलोजनला ७२ हजार रुपये लागले असते. एलईडीचा खरा उपयोग इथे आहे. जे मैदान रोज उजळणे पूर्वी परवडत नव्हते, ते दिवसाला ५० रुपयांच्या आत उजळता येते.

पण हे ५० रुपये कोणाच्या नावावर, हे आधी ठरले पाहिजे. शेजारच्या छत्तीसगडमधले रायपूरचे उदाहरण ताजे आहे. १ डिसेंबर २०२३ रोजी तिथल्या शहीद वीर नारायण सिंह स्टेडियमवर भारत-ऑस्ट्रेलिया टी-२० सामना झाला. त्या स्टेडियमचे ३.१६ कोटी रुपयांचे वीजबिल थकले होते आणि २०१८ मध्येच जोडणी तोडली गेली होती. तात्पुरती जोडणी गॅलरी आणि बॉक्सपुरती होती, प्रकाशझोत जनरेटरवर चालवावे लागले. बिल कोणी भरायचे यावर यंत्रणा एकमेकांकडे बोट दाखवत राहिल्या. आंतरराष्ट्रीय मैदानाचे हे झाले, तर गावच्या मैदानाचे व्हायला वेळ लागत नाही. दिवे बसवण्यासाठी निधी मिळतो, बिल भरण्यासाठी सहसा मिळत नाही.

किती उजेड पुरेसा?

दिवा किती वॅटचा, यापेक्षा जमिनीवर किती उजेड पडतो हे महत्त्वाचे. ते लक्समध्ये मोजतात. एक चौरस मीटरवर एक ल्युमेन पडला की एक लक्स. युरोपीय मानक ईएन १२१९३ मध्ये फुटबॉलच्या सरावासाठी ७५, स्थानिक पातळीच्या सामन्यांसाठी २०० आणि वरच्या दर्जाच्या स्पर्धांसाठी ५०० लक्स सांगितले आहेत. दूरचित्रवाणीवरच्या आंतरराष्ट्रीय सामन्यांना हजारांत लक्स लागतात, कारण तो उजेड खेळाडूंइतकाच कॅमेऱ्यांसाठी असतो. आपल्याकडे भारतीय मानक ब्युरोची राष्ट्रीय प्रकाश संहिता, एसपी ७२, २०१० पासून आहे. निविदेत या मानकांचा आधार घेता येतो.

पुरुषांचे कबड्डीचे मैदान १३ बाय १० मीटरचे. भोवतीची मोकळी जागा धरून २० बाय १७ मीटर म्हणजे ३४० चौरस मीटर घेतले, तर आठ एलईडींचा उजेड तिथे सुमारे २२५ लक्स पडतो. (एकूण उजेडाचा निम्मा भाग मैदानावर पोहोचतो आणि धूळ-जुनेपणामुळे त्यातला पाचवा भाग कमी होतो, असे धरून.) गावच्या स्पर्धेला हे पुरेसे आहे.

हाच उजेड ६० मीटर सीमारेषेच्या क्रिकेट मैदानावर हवा असेल तर? क्षेत्रफळ ११,३०० चौरस मीटर होते आणि भार ५३ किलोवॅटच्या आसपास जातो. म्हणजे जवळपास तेहतीसपट. त्यासाठी उंच टॉवर, वेगळी जोडणी, कदाचित वेगळे रोहित्रही. त्यामुळे ‘मैदानावर दिवे’ असा मोघम ठराव करण्याऐवजी कोणत्या खेळासाठी, किती जागेवर, किती लक्स हे आधी लिहिणे शहाणपणाचे. एक कबड्डी-व्हॉलीबॉलचे मैदान आणि धावण्याच्या मार्गाला मंद उजेड एवढ्यापासून सुरुवात केली, तर सर्वाधिक मुलांना सर्वात कमी पैशांत फायदा होतो.

एलईडी लवकर बंद का पडतात?

‘५० हजार तास चालणारा’ दिवा दोन पावसाळ्यांत विझलेला आपण सगळ्यांनी पाहिला आहे. यात खोटे कोण बोलते? बहुतेक वेळा एलईडीची चिप जळत नाही. जळतो तो तिच्यामागचा ड्रायव्हर, म्हणजे विजेचे रूपांतर करणारा छोटा सर्किटचा डबा. त्याचे तीन शत्रू आहेत. एक, विजेचा झटका : मृगाच्या आधीच्या वळवात वीज जवळ पडली की तारेतून लाट येते. दोन, तुटलेला न्यूट्रल : २३० व्होल्टच्या जागी ४०० च्या जवळ व्होल्ट येतात आणि एका सेकंदात सगळी रांग जाते. तीन, उष्णता : रात्री दिवा चालू असतो आणि दिवसा मेच्या उन्हात तापतो.

यावर उपाय महाग नाहीत, पण ते निविदेत लिहिलेले असावे लागतात. किमान १० किलोव्होल्टचे सर्ज संरक्षण, प्रत्येक खांबाला नीट अर्थिंग, जास्त व्होल्टेज आले की पुरवठा तोडणारे उपकरण आणि ड्रायव्हर वेगळा काढून बदलता येईल अशी रचना. जुन्या दिव्याचा चोक आणि बल्ब गावचा वायरमन बदलत होता. सील केलेल्या एलईडीत बिघाड झाला तर अख्खा दिवा फेकावा लागतो. म्हणून किमान पाच वर्षांची हमी हवी, आणि किती दिवसांत दुरुस्ती करायची हेही त्यात लिहिलेले हवे.

उतरवलेल्या मेटल हॅलाइड दिव्यांत पारा असतो. ते भंगारात फोडून टाकायचे नसतात, ई-कचरा म्हणून अधिकृत संकलकाकडे द्यायचे असतात. ही अटही कंत्राटात घालता येते.

शेजारच्या शेताचे काय?

गावच्या मैदानाला लागून बहुतेक वेळा शेत असते. सोयाबीन हे रात्र लांबली की फुलोऱ्यावर येणारे पीक आहे. रात्री त्यावर सतत उजेड पडला, तर तेवढ्या पट्ट्यात फुलोरा लांबतो आणि झाडे उशिरापर्यंत हिरवी राहतात. तेव्हा दिव्याचे तोंड खाली, मैदानाकडेच असावे. वर आणि बाहेर जाणारा उजेड हा वाया गेलेला पैसाही असतो. उमरखेड तालुक्यातच पैनगंगा अभयारण्य आहे, हेही विसरून चालणार नाही.

खेळाडूसाठीही हे महत्त्वाचे आहे. कमी उंचीच्या खांबावरून आडवा मारलेला एलईडी डोळ्यांत घुसतो, व्हॉलीबॉलचा उंच चेंडू दिसतच नाही. निळसर पांढऱ्या ६५०० केल्विनऐवजी ४००० केल्विनचा उजेड डोळ्यांना सौम्य आणि किड्यांनाही कमी ओढणारा. मेटल हॅलाइडच्या तुलनेत एलईडीत अतिनील किरण जवळपास नसल्याने पाखरांचा त्रास कमी होतो, हा आणखी एक फायदा.

पैसे कुठून येऊ शकतात?

राज्याच्या धोरणानुसार क्रीडा संकुले तालुका, जिल्हा आणि विभाग पातळीवर होतात. तालुका संकुलाची अनुदान मर्यादा १ कोटीवरून ५ कोटी रुपये करण्यात आली आहे. पण ढाणकी तालुक्याचे ठिकाण नाही, तालुका उमरखेड. त्यामुळे अशा गावांसाठी क्रीडांगण विकास अनुदान योजना जास्त जवळची. तिच्यात मैदानावर फ्लड लाइटची सोय हीसुद्धा मान्य बाब आहे आणि प्रस्ताव जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाकडे जातो. नगरपंचायतीचा स्वतःचा निधी, आमदार-खासदार निधी हे नेहमीचे मार्ग आहेतच.

रोजच्या बिलासाठी सौरऊर्जेचा विचार करता येतो. १ किलोवॅटचे पॅनेल दिवसाला सरासरी ४ युनिट वीज देते. आठ दिव्यांच्या ४.८ युनिटसाठी दीड किलोवॅटचे पॅनेल पुरेसे ठरते. नेट मीटरिंग असेल तर बॅटरीचीही गरज नाही. दिवसा वीज महावितरणच्या जाळ्यात जाते आणि रात्री वापरलेल्या विजेतून वजा होते. मात्र वीज गेली, की असे पॅनेल दिवे पेटवू शकत नाही. जनरेटरचा खर्च त्यामुळे टळत नाही.

गावकरी काय तपासू शकतात?

काम झाल्यावर तपासणीसाठी महागडी यंत्रे लागतात असे नाही. हातातला मोबाइल बरेच काही सांगतो.

• लक्स मोजणारे मोफत ॲप घ्या. मैदानावर नऊ ठिकाणी फोन जमिनीवर सपाट ठेवून आकडे लिहा. आकडे अंदाजे असतात, पण तुलनेला चालतात. सर्वात कमी आकड्याला सरासरीने भागा. उत्तर ०.५ पेक्षा कमी आले तर उजेड एकसारखा नाही. सरासरी १०० आणि एका कोपऱ्यात ३० असेल, तर त्या कोपऱ्यात चढाई करणाऱ्याचा पाय दिसणार नाही.

• दिव्याकडे कॅमेरा धरून स्लो-मोशन चित्रीकरण करा. उजेड थरथरताना किंवा काळे पट्टे सरकताना दिसले, तर ड्रायव्हर हलक्या दर्जाचा आहे. स्पर्धेचे यूट्यूबवर थेट प्रक्षेपण केले, की हेच पट्टे पडद्यावर येतात.

• दिव्यावरचे लेबल पाहा आणि फोटो काढून ठेवा. वॅट, ल्युमेन, आयपी ६५ किंवा ६६ हा पाणी-धूळरोधक दर्जा आणि कंपनीचे नाव निविदेशी जुळते का?

• एका वर्षाने पुन्हा त्याच नऊ ठिकाणी मोजा. आकडे फार घसरले असतील, तर हमीपत्र काढायची वेळ झाली.

थोडक्यात निर्णय कसा घ्यावा?

जुने दिवे चालू असतील आणि मैदान वर्षातून महिना-दोन महिनेच लागत असेल, तर नुसत्या बचतीसाठी एलईडीची घाई नको. दिवे मुळातच नसतील किंवा वारंवार बंद पडत असतील, तर आता मेटल हॅलाइड घेण्यात अर्थ नाही, एलईडीच घ्यावेत. पण त्या ठरावात दिव्यांच्या संख्येसोबत आणखी तीन ओळी असाव्यात : मैदान रोज किती ते किती उघडे राहील, बिल कोणत्या शीर्षातून भरले जाईल आणि दिवा बंद पडला तर कोणाला फोन करायचा.

उद्घाटनाच्या दिवशी सगळेच दिवे लागतात. पाचव्या वर्षी, एखाद्या साध्या मंगळवारी संध्याकाळी सात वाजता ते लागलेले असतील आणि खाली मुले-मुली खेळत असतील, तर तो खर्च वसूल झाला असे समजायला हरकत नाही.